गणपती पाहुणा, मशीद यजमान
कुरुंदवाडची रीत

नृसिंहवाडीहून पंचगंगेचा पूल ओलांडला की कुरुंदवाड लागते. आम्ही वाडीकर. श्रीगुरूंच्या पादुकांपुढे कीर्तनसेवा करावी, संगमावर स्नान करावे, आणि भाद्रपद लागला की पलीकडच्या काठावरील या लहानशा गावात एक फेरी मारून यावी, असा आमचा बहुत वर्षांचा परिपाठ आहे. कारण कुरुंदवाडात गणेशचतुर्थीस जे घडते ते अन्यत्र क्वचितच घडते. तेथे पाच मशिदींत गणपती बसतो. कुडेखान बडेनालसाहेब, ढेपणपूर, बैरागदार, शेळके आणि कारखाना अशी त्या मशिदींची नावे. मंडळात दोन्ही समाजांची मुले, वर्गणीच्या पावत्या फाडणारे दोन्ही समाजांचे, आणि आरतीचे तबक कोणाच्या हाती आहे हे पाहण्याची गावात कोणास गरज वाटत नाही.

पटवर्धनांच्या संस्थानाचे हे गाव. १९४८ साली संस्थाने विलीन झाली, वाड्यांचे वैभव ओसरले. संताजी घोरपडे यांची समाधी येथील घाटावर दाखवितात. परगावचा यात्रेकरू वाडीस येतो, दर्शन घेतो, बासुंदी व कवठाची बर्फी बांधून घेतो आणि परततो. कुरुंदवाडच्या बाजूस तो सहसा वळत नाही. त्यामुळे या गावाची ही रीत वर्तमानपत्रांत येते तीही वर्षातून एकदा, छायाचित्रासह आणि चार ओळींत. त्या चार ओळींत ‘ऐक्याचे प्रतीक’ हे शब्द हमखास असतात. प्रतीकापाशी थांबले की मूळ गोष्ट पाहावयाची राहून जाते, म्हणून वाचकहो, आज आम्ही थोडे विस्ताराने लिहीत आहोत.

प्रथम पंचांगाकडे वळू. हिजरी वर्ष निव्वळ चांद्र, साधारण ३५४ दिवसांचे. आपलेही महिने चांद्रच; परंतु सूर्याशी मेळ राखण्यासाठी सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी आपण एक अधिक मास घेतो. मोहरम तसा मेळ पाळत नाही. म्हणून तो आपल्या एकेका महिन्यात दोन-तीन वर्षे मुक्काम करतो आणि अधिक मास पडला की मागच्या महिन्यात सरकतो. असे फिरत फिरत सुमारे तेहतीस वर्षांनी तो पुन्हा भाद्रपदात येतो. १९८५, १९८६ आणि १९८७ ही तीन वर्षे तशी होती. त्यानंतर २०१८, २०१९ आणि २०२०. दोन्ही महिने अमावास्येनंतरच्या चंद्रकोरीशी बांधलेले असल्यामुळे एकदा महिने जुळले की तिथ्याही जुळतात. मोहरमचा जेमतेम एक दिवस लोटतो तोच गणेशचतुर्थी येते आणि आशुरा येतो तो एकादशीच्या सुमारास. २०१८ मध्ये आशुरा २१ सप्टेंबरला व अनंत चतुर्दशी २३ ला. २०१९ मध्ये १० आणि १२ सप्टेंबर. २०२० मध्ये ३० ऑगस्ट आणि १ सप्टेंबर. तिन्ही वर्षे अंतर दोनच दिवसांचे. ज्योतिषाच्या अभ्यासकास हे गणित नित्याचे. परंतु ज्या गावात एकाच छपराखाली पंजे आणि गणपती दोन्ही बसवावयाचे, तेथे या गणिताचा अर्थ फार निराळा होतो. जागा एक, दिवस तेच, वाजंत्रीही तीच.

आता कोणी विचारील की शास्त्राचे काय? आम्हांस हा प्रश्न अनेकदा कीर्तन संपल्यावर, तोही जरा दबक्या आवाजात, विचारला गेला आहे. आमचे उत्तर असे, की भाद्रपदातील गणपती हा पार्थिव आहे. मृत्तिकेची मूर्ती, तिच्या ठायी आवाहन, प्राणप्रतिष्ठा, षोडशोपचार, आणि अखेरीस उद्वासन. देवालयातील स्थिर मूर्तीचे नियम निराळे. हा देव मुदतीपुरता येतो. आवाहन, आसन, पाद्य, अर्घ्य हे उपचार पाहा. दारी आलेल्या अतिथीस पाय धुण्यास पाणी द्यावे, बसावयास पाट द्यावा, तोच क्रम. पूजास्थान शुद्ध असावे, एवढे शास्त्र पाहते. घर कोणाचे याचा सातबारा ते मागत नाही. उलट पक्षी, मूर्तिपूजा न मानणाऱ्या धर्मातील कर्मठांस ही रीत खटकत असणार, हेही आम्ही जाणतो. त्यांच्याशी वाद घालण्याचा आमचा अधिकार नाही. एवढेच म्हणतो, की येथे सवलत अधिक कोणी दिली असेल तर ती यजमानाने दिली आहे. आपण आपला देव त्यांच्या घरी नेला. घर उघडण्याचा निर्णय त्यांचा. कौतुकाच्या भाषणांत हे कोणी बोलत नाही.

आणखी एक साम्य आमच्या मनात नेहमी येते. पार्थिव गणपतीचे विसर्जन पाण्यात, आणि ताबूतही पाण्यातच ‘थंड’ करावयाचे. क्रियापद निराळे, नदी तीच.

इतिहासात मात्र या दोन उत्सवांचे नाते असे सरळ राहिलेले नाही. पूर्वी पुण्यात ताबुतांपुढे हिंदू वाजंत्री असत, हिंदूंचे स्वतःचे ताबूतही असत. १८९३ साली मुंबईत मोठा दंगा झाला, वातावरण बिघडले, आणि १८९४ पासून पुण्यात सार्वजनिक गणेशोत्सवाने जोर धरला तेव्हा पुष्कळ हिंदू ताबुतांपासून दूर झाले. मेळ्यांच्या पदांतून तसे आवाहनही करण्यात येई. म्हणजे एक उत्सव वाढला तो काही अंशी दुसऱ्याकडे पाठ फिरवून. राष्ट्रजागृतीचे मोठे कार्य गणेशोत्सवाने केले, यात शंका नाही. पण ही बाजूही सांगितली पाहिजे. आमच्या करवीर प्रांतात ती पाठ पुरती कधी फिरलीच नाही. कोल्हापुरातील तालमींत आजही पंजे बसतात, हिंदू घराणी पीर सांभाळतात, चोंगे व मलिदा करतात, खत्तलरात्रीस जागतात. बाबूजमाल दर्ग्याच्या चौकटीवर तर गणपती कोरलेला आहे, आणि मोहरम भाद्रपदात आला की बाबूजमाल तालमीत नालसाहेब आणि गजानन शेजारी-शेजारी विराजमान होतात. पलीकडे सांगली जिल्ह्यात गोटखिंडीस, वाळवे तालुक्यात, मशिदीत गणपती बसतो तो १९८० पासून. त्याच्याही आधी, १९६१ साली, पावसाने मूर्ती भिजू लागली तेव्हा तेथील मुसलमान बांधवांनीच ती मशिदीत आणावयास सांगितले, अशी तेथील हकीकत. पावसाने सुरू केलेल्या रीतीस तत्त्वज्ञान मागाहून चिकटते. आरंभी फक्त छप्पर हवे असते.

कुरुंदवाडच्या अलीकडच्या तीन जोडवर्षांची कथा सांगण्यासारखी आहे. २०१८ चे वर्ष सुखाचे गेले. मोदक आणि चोंगे एकाच ताटात, सायंकाळी आरती, रात्री करबलीचा खेळ. अशा वर्षी नमाजाच्या वेळा पाहून आरतीची वेळ ठरवावी लागते, मिरवणुकीचे मार्ग आधी बोलून घ्यावे लागतात, वाजंत्र्यांस दोन्हीकडची सुपारी जुळवून द्यावी लागते. हे सारे कोणी थोर पुरुष करीत नाही. मंडळाचा खजिनदार, मशिदीचा मुजावर आणि मांडव घालणारा हे तिघे कट्ट्यावर बसून ते उरकतात. आम्हांस या कट्ट्यावरच्या बैठकीचे मोल व्यासपीठावरील सर्व भाषणांहून अधिक वाटते.

मग आला २०१९ चा ऑगस्ट. पावसाने कृष्णा-पंचगंगांनी जे रूप धारण केले ते शिरोळ तालुका जन्मात विसरणार नाही. आम्ही वाडीकर पुरास सरावलेले. पाणी देवळाच्या उत्तरेकडून शिरून पादुकांवरून दक्षिणद्वाराने बाहेर पडले की आम्ही त्यास सोहळा म्हणतो आणि त्या पाण्यात स्नान करतो. पाणी आणखी चढले की उत्सवमूर्ती नारायणस्वामींच्या मंदिरात हलवितो. परंतु त्या वर्षी सोहळ्याचा आनंद कोठला! घरेच्या घरे पाण्यात, जनावरे दावणीला, माणसे नावांतून बाहेर काढलेली, ऊस कुजून उभा. पाणी ओसरले तेव्हा गणेशचतुर्थीस, म्हणजे २ सप्टेंबरला, जेमतेम तीन आठवडे उरले होते. भिंतींवर चिखलाची रेघ, जोत्यांवर गाळ, आणि त्याच महिन्यात दोन्ही सण. मांडवाची शोभा करण्याचे ते दिवस नव्हते. ज्यांच्या स्वतःच्या घरात गाळ होता त्यांच्याकडे वर्गणी मागावयास कोणी कशा तोंडाने जावे?

२०२० साली तर महामारीच आली. मिरवणुकांस बंदी, सार्वजनिक मूर्ती चार फुटांहून उंच नसावी असा शासनाचा दंडक. ताबूत आणि गणपती दोन्ही त्या वर्षी साधेपणाने, मोजक्या माणसांत. आम्ही पुलापलीकडे गेलोही नाही. वयाने साठीत आलेल्यांनी घरी बसावे हाच त्या वर्षीचा नेम होता.

अशी ती तीन वर्षे, एक सुखाचे, एक महापुराचे आणि एक महामारीचे. १९८५ ते १९८७ या काळी आम्ही तरुण होतो आणि हे नित्याचेच आहे असे वाटे. कीर्तनात जशी उत्तररंगातच आख्यानाची खरी कसोटी, तद्वत दुसऱ्या खेपेस आम्हांस कळले की ही रीत टिकविण्यास किती माणसांचा किती वेळ खर्ची पडतो.

आणि वेळ फक्त पुराने वा रोगाने घेतला नाही. २००९ च्या सप्टेंबरात, ऐन गणेशोत्सवात, मिरजेत एका कमानीवरील चित्रावरून दंगल उसळली आणि सांगली, इचलकरंजीपर्यंत वणवा पोहोचला. ही सारी गावे कुरुंदवाडच्या शेजघरातली. ७ जून २०२३ रोजी खुद्द कोल्हापुरात दगडफेक झाली. १४ जुलै २०२४ रोजी विशाळगडाच्या पायथ्याशी गजापुरात मशिदीवर व घरांवर हल्ला झाला. ही राजर्षी शाहूंची भूमी, १९०६ साली येथे मुस्लिम विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह निघाले, हे आपण अभिमानाने सांगतो. आणि सांगून स्वस्थ बसतो. आता अफवा पायी चालत नाही, ती खिशातल्या यंत्रात येते आणि कट्ट्यावरची बैठक भरण्यापूर्वीच मुले रस्त्यावर उतरलेली असतात. कुरुंदवाडचे गणपती २००९ नंतरही मशिदींतच बसत राहिले. परंतु हे आपोआप झाले असे ज्यास वाटते त्याने एकदा शांतता समितीच्या बैठकीस जाऊन बसावे.

एक तक्रार येथेच नोंदवितो. छाती धडधडविणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या भिंती आता लहान गावांतही शिरल्या आहेत. ज्या मिरवणुकीत शेजाऱ्याचा शब्द ऐकू येत नाही, तेथे शेजारधर्म कसा चालावा? हलगी, घुमके आणि सनई यांचे वाजविणारे आमच्या तालुक्यात अद्याप आहेत, आणि त्यांना काम हवे आहे.

२०२१ पासून मोहरम श्रावणात गेला, पुढे आषाढात. २०२५ साली ६ जुलैस आषाढी एकादशी आणि आशुरा एकाच दिवशी आले. आम्ही उपवासाने, शेजारीही उपवासाने. आता भाद्रपदात पंजे पेटीत असतात आणि मशिदीत गणपती एकटा बसतो. पंचांगाची सक्ती नसलेली ही वर्षे आहेत. वेळा जुळवून घेण्याचे निमित्त नाही, तरीही चतुर्थीच्या सकाळी मशिदीचे दार उघडते, जागा धुतली जाते, पाट मांडला जातो.

मोहरम पुन्हा भाद्रपदात येईल तो २०५० उलटल्यावर. त्या वेळी आम्ही नसू. आज जी मुले पावतीपुस्तक काखोटीस मारून कुरुंदवाडच्या गल्ल्यांतून दहा-वीस रुपये गोळा करीत हिंडत आहेत, ती तेव्हा चाळिशी-पन्नाशीची होतील आणि त्या कट्ट्यावर बसतील. यंदा त्यांतल्या काहींनी आम्हांस कीर्तनाचे निमंत्रण दिले आहे. वेळ विचारली, तर म्हणाली, इशाची नमाज झाल्यावर, बुवा, तोवर तुम्ही जेवून घ्या.