नगरचं पाणी, खारफुटीची कहाणी

अहिल्यानगर जिल्ह्याला इंचभरही समुद्रकिनारा नाही. तरीही देशाच्या दोन्ही किनाऱ्यांवरच्या खारफुटीशी इथल्या पावसाचं नातं आहे. कसं? वाचा!

एक गड, दोन समुद्र
जिल्ह्यातल्या हरिश्चंद्रगडाच्या पूर्वेकडचा पाऊस मुळा नदीतून प्रवरेत, प्रवरासंगमला गोदावरीत आणि जायकवाडी धरणामार्गे बंगालच्या उपसागराकडे जातो. कोकणकड्यावरून कोसळणारा पाऊस मात्र काळू-उल्हास नद्यांतून वसईची खाडी गाठतो!

शेवटचा मुक्काम कोरिंगा
गोदावरीच्या मुखाशी, काकिनाड्याजवळ कोरिंगा अभयारण्य आहे. १९७८ पासून संरक्षित असलेल्या या खारफुटीत पाण्यातले मासे पकडणारं रानमांजर राहतं. याच भागातलं कोरिंगा बंदर १८३९ च्या वादळात उद्ध्वस्त झालं होतं.

आधी चर, मग रोपं
ओसाड खाजणात नुसती रोपं लावली तर ती जगत नाहीत. भरतीचं पाणी आत-बाहेर खेळलं नाही, की जमिनीतला खारटपणा वाढत जातो. म्हणून गोदावरी-कृष्णेच्या मुखाशी माशाच्या काट्यासारखे चर खणले गेले: मधे मोठा चर, दोन्ही बाजूंना तिरके फाटे. पाणी फिरू लागलं आणि रोपं तगली.

झाडावरच रुजणारं बी
खारफुटीतल्या कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं आणि तयार रोप चिखलात पडतं. तिवर या दुसऱ्या झाडाची पानं जास्तीचं मीठ बाहेर टाकतात, मुळं चिखलातून डोकं वर काढून श्वास घेतात.

महाराष्ट्राची पांढरी चिप्पी
राज्याने २०१२ मध्ये खारफुटीसाठी स्वतंत्र कांदळवन कक्ष सुरू केला आणि २०२० मध्ये पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. ठाण्याची खाडी २०२२ मध्ये रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, झाली.

रोहित दोन्हीकडे
ठाणे खाडी गुलाबी करणारे रोहित पक्षी नेवासे-शेवगावपर्यंत पसरलेल्या जायकवाडीच्या फुगवट्यावरही उतरतात. हा जलाशय १९८६ पासून पक्षी अभयारण्य आहे.

गाळ हीच किनाऱ्याची भाकरी
नद्यांनी आणलेल्या गाळावर त्रिभुज प्रदेश उभा राहतो. धरणांत गाळ अडला की मुखाशी भर कमी पडते आणि लाटा जमीन खातात. गोदावरीच्या मुखाशी नेमकं हेच घडतं आहे. म्हणून खारफुटी जगवायची तर किनाऱ्यावर रोपं लावून भागणार नाही. हरिश्चंद्रगडापासून काकिनाड्यापर्यंत अख्खी नदी सांभाळावी लागेल. त्या कामात नगरकरांचाही वाटा आहे!