पीक भरघोस, तरी भाव तिप्पट

एप्रिल-मे २००८मध्ये थायलंडच्या तांदळाचा भाव टनाला १,००० डॉलरच्या पुढे गेला. सप्टेंबर २००७मध्ये तो साडेतीनशेच्या आत होता. मधल्या काळात दुष्काळ पडला होता का? नाही. जगातले भातपीक उत्तम आले होते.

गोम बाजाराच्या रचनेत होती. तांदूळ बहुतांशी पिकतो तिथेच खाल्ला जातो. तेव्हा शंभरातले जेमतेम सात टन देशाबाहेर विकले जात. अशा चिमुकल्या बाजारात एका मोठ्या विक्रेत्याने हात आखडता घेतला तरी हाहाकार उडतो. गहू महागल्याने धास्तावलेल्या भारताने ऑक्टोबर २००७मध्ये बिगर-बासमती तांदळाची निर्यात रोखली. पाठोपाठ व्हिएतनामनेही निर्बंध आणले. फिलिपिन्स घाबरून मिळेल त्या भावाने खरेदी करत सुटला. महाग खनिज तेल आणि घसरलेला डॉलर यांनी भर घातली, पण मोठा दोष सरकारांच्या घबराटीचाच. त्याची किंमत गरिबांनी मोजली. हैतीत अन्नाच्या महागाईवरून दंगली उसळल्या आणि पंतप्रधानांना पद सोडावे लागले.

उतारही तसाच आला. जपानच्या गोदामांत आयात केलेला तांदूळ पडून होता. तो विकण्याची नुसती बोलणी सुरू होताच भाव घसरू लागले.

भारताचा या व्यापारातला वाटा पुढे सुमारे ४० टक्क्यांवर गेला. म्हणूनच २० जुलै २०२३ रोजी दिल्लीने बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबवताच आशिया-आफ्रिकेतले आयातदार पुन्हा हवालदिल झाले. ती बंदी उठायला सप्टेंबर २०२४ उजाडला.