मेणवलीचे रुमाल येरवड्यात

पेशवाईतल्या मोडी पत्रावर तारखेच्या जागी ‘अर्बा सबैन मया व अलफ’ असे लिहिलेले सापडते. शब्द अरबी, पण लिहिणारा पुण्याचा ब्राह्मण कारकून. अर्बा म्हणजे चार, सबैन सत्तर, मया शंभर आणि अलफ हजार. बेरीज ११७४. हा शुहूर सन. सूर्य मृग नक्षत्रात आला की तो बदलतो, म्हणून त्याला मृगसालही म्हणत. त्यात ५९९ मिळवले की १७७३ येते, म्हणजे नारायणराव पेशव्यांचा खून झाला ते वर्ष.

असे कागद पुण्यात येरवड्याच्या डेक्कन कॉलेजात जपलेले आहेत. तिथल्या मराठा इतिहास संग्रहालयाचा मानबिंदू म्हणजे मेणवली दप्तर, पेशव्यांचे कारभारी नाना फडणवीस यांच्या खासगी संग्रहातले कागद. वाईजवळ कृष्णेच्या घाटावर नानांचा मेणवलीचा वाडा आजही उभा आहे. त्याचे कागद मात्र दोनदा घर बदलून इथवर आले.

पहिले घर साताऱ्याचे. दत्तात्रेय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी आयुष्यभर जुने कागद, चित्रे, नकाशे गोळा केले. पंचविशीच्या आत, १८९४ मध्ये, त्यांनी झाशीच्या राणीचे चरित्र लिहिले. पुढे ‘इतिहाससंग्रह’ मासिकातून अस्सल पत्रे छापली. कागद मिळवणे हे चिकाटीचे काम. जुन्या घराण्यांत दप्तर म्हणजे वतनाचा पुरावा, ते परक्याच्या हाती देताना कोणीही बिचकणारच. पारसनीसांनी तो विश्वास मिळवला, हेच त्यांचे मोठेपण. मेणवलीचे दप्तरही असेच त्यांच्याकडे आले. त्यांच्या संग्रहाचे संग्रहालय साताऱ्यात १९२५ मध्ये उभे राहिले आणि पुढच्याच वर्षी ते गेले.

डेक्कन कॉलेजची तेव्हा पडती बाजू होती. १८२१ मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा म्हणून सुरू झालेली ही संस्था १८६८ मध्ये येरवड्याच्या दगडी इमारतीत आली. टिळक, आगरकर इथलेच विद्यार्थी; टिळकांची खोली अजून राखलेली आहे. इथला हस्तलिखितांचा मोठा सरकारी संग्रह १९१८ मध्ये भांडारकर संस्थेकडे गेला आणि १९३४ मध्ये कॉलेजच बंद झाले. माजी विद्यार्थ्यांनी कोर्टकचेरी करून ते वाचवले. १७ ऑगस्ट १९३९ रोजी ते संशोधन संस्था म्हणून पुन्हा उघडले, आणि त्याच वर्षी साताऱ्याचा संग्रह इथे आला. ज्या इमारतीतून हस्तलिखिते बाहेर पडली होती, तिच्यात पुन्हा रुमाल येऊन पडले.

रुमाल म्हणजे कागद गुंडाळून बांधायचे कापड. ते सोडणे सोपे. आतले वाचणे अवघड. मोडीत लेखणी फारशी उचलायची नाही, अक्षर अक्षरात मिसळते, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही, शब्द तोडलेले नसतात. कसर लागलेला कागद निदान सांधता येतो. लिपी वाचणारा डोळा मात्र वर्षानुवर्षे कागदांपुढे बसूनच तयार होतो, आणि अशा डोळ्यांना पगार देणे हे कागदांना कपाट देण्याइतकेच संस्थेचे काम आहे.

डेक्कन कॉलेजने ते केले. मराठ्यांच्या इतिहासासाठी त्र्यंबक शंकर शेजवलकर इथे नेमले गेले आणि त्यांचे ‘पानिपत : १७६१’ इथूनच १९४६ मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांचे कागद इथे आले ते नाना फडणवीसही एकोणिसाव्या वर्षी त्या पानिपतावर होते. त्या रणातून ते कसेबसे निसटले, आई मात्र तिथेच अंतरली.