४३ टक्के आणि वर एक मत

ग्रीसमध्ये ३३२ नगरपालिका आणि १३ प्रांत आहेत. महापौर आणि प्रांतप्रमुख जनताच थेट निवडते, तेही वयाच्या सतराव्या वर्षापासून! पहिल्या फेरीत ४३ टक्के आणि वर एक मत मिळालं की काम फत्ते. नाहीतर पुढच्या रविवारी पहिल्या दोघांत सामना.

ऑक्टोबर २०२३, अथेन्स. पंतप्रधान मित्सोताकिस यांचे भाचे, महापौर कोस्तास बाकोयानिस ४१ टक्क्यांच्या आसपास अडकले. प्राध्यापक हारिस दुकास सुमारे १४ टक्क्यांवर होते. आठवड्यात बाजी पलटली, दुकास जवळपास ५६ टक्क्यांनी जिंकले!

‘डॅनियल’ वादळाच्या महापुरानं महिन्यापूर्वीच झोडपलेल्या थेसलीतही सत्ताधारी प्रांतप्रमुख हरले.

दुसरी फेरी मतदाराच्या हाती खरी ताकद देते. पुढची निवडणूक २०२८ मध्ये आहे, जरूर लक्ष ठेवा.