भुसा, धूळ आणि तृणावर्त

आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे सागवानाचें कौतुक कोणास सांगावें लागत नाहीं. आलापल्लीच्या रानांतला साग आणि बल्लारपूरचा लाकडांचा डेपो यांचीं नांवें दूरदूरच्या व्यापाऱ्यांस पाठ आहेत. अयोध्येच्या राममंदिरासाठीं लागणारें सागवान मार्च २०२३ मध्यें बल्लारपुराहून समारंभपूर्वक रवाना झालें, तेव्हां घरोघरीं त्याचीच चर्चा होती. परंतु सागाचा दरवाजा घडतांना जी धूळ उडते ती जाते कोठें, हा प्रश्न मात्र मला कधीं पडला नव्हता. तो पडला आमच्याच परसांत.

थोरल्या बंधूंच्या धाकट्या मुलानें नोकरीचा नाद सोडून घरामागच्या पडवींत सुतारकामाची कार्यशाळा काढली. आमच्या कुळांत पोथी सोडून रंधा हातीं धरणारा हा पहिलाच. त्यामुळें पहिलें वर्ष सारें कौतुकांत गेलें. पुढें वहिनींच्या लक्षांत आलें कीं, वाळवणाचे पापड भुरकट दिसतात, समईच्या तेलावर साय धरते, आणि संध्याकाळीं फडताळावरून बोट फिरविलें तर तांबूस पूड बोटाला लागते. त्यांना मुळांतच दम्याची व्यथा. त्या उन्हाळ्यांत ती बळावली. पुतण्याच्या हाताखालीं काम करणारे, आणि खरें म्हणजे त्याला काम शिकविणारे, एक वृद्ध मिस्त्री होते. त्यांच्या कोपरापर्यंत खाजरे चट्टे उठले, आणि खोकला रात्रींहि थांबेना. "चाळीस वर्षं हाच भुसा खात आलों जी, मास्तर, आतां काय होते!" म्हणून ते हंसत. मला तें हंसणें ऐकवेना.

सागाच्या अंगीं जीं द्रव्यें असतात त्यांच्यामुळेंच वाळवी त्याच्या वाटेस सहसा जात नाहीं. धुळीबरोबर तींच कातडीवर बसलीं कीं कित्येकांस चट्टे आणतात, आणि श्वासावाटे गेलीं कीं दमा चेतवितात. याहून गंभीर गोष्ट अशी कीं, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेनें १९९५ मध्यें लाकडाची धूळ ही मनुष्यास कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या वर्गांत घातली. नाक व त्यालगतच्या पोकळ्या यांच्या कर्करोगाशीं तिचा संबंध आढळला आहे. येथें एक भ्रम दूर केला पाहिजे. जो भुसा पायाखालीं चुरचुरतो तो आपला शत्रु नव्हे. तो आपल्या वजनानें खालीं बसतो आणि केरसुणीला वश होतो. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहून बारीक असे जे कण काचकागदाच्या यंत्रापुढें उडतात, ते तासन्‌तास हवेंत तरंगतात आणि थेट फुप्फुसांत उतरतात. केरसुणी त्यांना फक्त पुन्हां उडविते. संस्कृतांत धुळीला 'रजस्' म्हणतात आणि मनाला अस्वस्थ ठेवणाऱ्या गुणालाहि तेंच नांव आहे, याचें मर्म मला या वयांत असें परसांत कळलें.

पुतण्यानें प्रथम घरांतील झाडलोटीचें व्हॅक्यूम यंत्र लावून पाहिलें. पांच-सात मिनिटांत त्याची पिशवी भरली, गाळणीचीं छिद्रें बुजलीं आणि यंत्र नुसतें ओरडूं लागलें. मग त्यानें यंत्र व करवत यांच्यामध्यें पत्र्याचें एक नरसाळें बसविलें. याला 'सायक्लोन' म्हणतात. भागवताच्या दशम स्कंधांत तृणावर्त नांवाचा असुर वावटळीच्या रूपानें गोकुळांत येतो आणि साऱ्यांच्या डोळ्यांत धूळ भरून बाळकृष्णाला उचलून नेतो, ही कथा वाचकांस ठाऊकच आहे. हें यंत्र म्हणजे माणसाळविलेला तृणावर्त. धुळीची हवा नरसाळ्यांत मधून न सोडतां कडेनें, भिंतीला घासून जाईल अशी सोडतात. ती गरगर फिरत खालीं उतरते. जड कण बाहेर फेंकले जाऊन भिंतीवर आदळतात आणि घसरत खालच्या पिंपांत पडतात. हलकी झालेली हवा तळाशीं वळून मधल्या नळीनें वर निघून जाते. पुराणांतला असुर उचललेलें सोडीत नव्हता. हा सारें निमूटपणें पिंपांत टाकून रित्या हातांनीं परततो.

युक्ति नवी नव्हे. अमेरिकेंत १८८५-८६ च्या सुमारास हिचीं पेटंटें निघालीं, आणि पुढें आरागिरण्यांच्या छपरांवर हीं नरसाळीं दिसूं लागलीं. इंग्लंडांत बूथ या अभियंत्यानें १९०१ मध्यें हवा ओढून धूळ काढण्याचें यंत्र केलें. परंतु पिशवी तुंबण्याचें दुखणें त्याच्या वंशजांस पाऊणशें वर्षें जडलेलें राहिलें. १९७८ च्या सुमारास डायसन या गृहस्थानें एका आरागिरणीवरचें नरसाळें पाहिलें आणि तेंच घरगुती यंत्रांत बसविण्याच्या नादांत ५,१२७ नमुने केले. आमच्या पुतण्याचे दोनच झाले, तरी घरांत त्याला वेडा म्हणण्यास तेवढे पुरले!

दुसऱ्या नमुन्याची हकीकत सांगण्याजोगी आहे. नरसाळें देखणें उतरलें होतें, तरी महिनाभर पिंप जवळजवळ रितेंच राही आणि सारा भुसा गाळणीवर जाऊन बसे. पुतण्या मापांना दोष देई, मिस्त्री पत्र्याला. शेवटीं वहिनींनीं देव्हाऱ्यांतील उदबत्ती आणून पिंपाच्या कडेनें फिरविली. झांकणाच्या एका जागीं धूर सुतासारखा ताणून आंत ओढला जात होता. पिंपांत खालून हवा शिरली कीं खालीं पडणारा भुसा ती पुन्हां वर उचलते. तृणावर्ताला उलटी वाट मिळते. कडेला रबराची पट्टी बसविली, आणि त्याच सायंकाळीं पिंप अर्धें भरलें.

नळीचें गणित मात्र माझ्या वांट्याला आलें. धूळ नळींत न बसतां पुढें जावी, तर हवेची गति मिनिटाला सुमारें चार हजार फूट असावी लागते. चार इंची नळींतून मिनिटाला साडेतीनशें घनफूट हवा गेली कीं ही गति साधते. तीच हवा सहा इंची नळींतून नेली तर गति निम्म्याहून खालीं, अठराशें फुटांपर्यंत उतरते, आणि भुसा आडव्या नळींत बैठक मारतो. "नळी मोठी तितकी बरी" हें पुतण्याचें मत एवढ्या त्रैराशिकानें मोडलें. व्हॅक्यूम यंत्र जोरानें ओढतें, पण हवा थोडी ओढतें. बारीक नळीच्या काचकागद-यंत्राला तें पुरतें. रंध्याच्या यंत्राला मोठ्या पंख्याचाच धूळसंग्राहक हवा. हा खर्च ऐकून बंधूंनीं चष्मा काढून ठेवला. पण वहिनींच्या औषधांचीं बिलें समोर ठेवतांच त्यांनीं तो पुन्हां घातला आणि चेक लिहिला.

तरीहि नरसाळ्याला अतिसूक्ष्म धूळ सांपडत नाहीं. तिच्यासाठीं पुढें दाट गाळणी लागते, आणि तोंडावर बारीक कण अडविणारा मास्क. साधें फडकें त्यांना नीट अडवीत नाहीं. धूळ जेथें उत्पन्न होते तेथेंच तिला धरावें, हें १९४८ च्या कारखाने कायद्याच्या चौदाव्या कलमांतहि सांगितलें होतें. परसांतल्या पडवीला तो कायदा लागत नव्हता. फुप्फुसांस हा भेद कळत नाहीं, म्हणून करवतीच्या पात्याखालींच आम्हीं तोंड बसविलें. पिंपांतला भुसा दर आठवड्याला वीटभट्टीवाला नेतो. जवसाच्या तेलाचे बोळे मात्र त्यांत कधीं पडूं देत नाहीं. गोळा करून ठेवलेले असे बोळे आपोआप तापून पेट घेतात.

वहिनींचे पापड आतां पांढरे निघतात, आणि गेल्या उन्हाळ्यांत त्यांना दम्यासाठीं दवाखान्यांत जावें लागलें नाहीं. मिस्त्रींचे चट्टे गेले. खोकला उतरला आहे, पण गेला नाहीं. चाळीस वर्षांचें एका वर्षांत फिटत नाहीं, असें डॉक्टर म्हणाले. ते हल्लीं आंखणी आणि पटाशीचें कामच करतात. मास्क लावण्याचा आग्रह केला कीं म्हणतात, "तोंड बांधल्यावर खर्रा कसा खाऊ जी, मास्तर?" त्यावर मला अजून उत्तर सुचलेलें नाहीं, तूर्त त्यांची बैठक मीं यंत्रांपासून दूर, तुळशीवृंदावनाच्या बाजूस हलविली आहे.