रात्र मोजणारे संप्रेरक

मेंढीजवळ पंचांग नसते. तरीही इंग्लंडसारख्या थंड देशात तिची कोकरे कोवळे गवत उगवण्याच्या सुमारास, वसंतातच जन्मतात. हे कसे जमते? यामागे मेलाटोनिन हे संप्रेरक आहे. ते मेंदूतील पिनियल ग्रंथीतून रात्रीच्या अंधारात स्रवते. १९५८ साली अमेरिकेतील येल विद्यापीठात एरन लर्नर यांनी गुरांच्या पिनियल ग्रंथींतून ते वेगळे केले.

रात्र मोठी झाली की मेलाटोनिन जास्त तास स्रवते. त्यावरून शरीर ऋतू ओळखते. हा निरोप मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीच्या एका भागात वाचला जातो आणि तेथून हायपोथॅलॅमसला कळतो. मग हायपोथॅलॅमस प्रजननाच्या संप्रेरकांचा ओघ वाढवतो किंवा रोखतो. बीजांडकोश आणि वृषण यांचे काम त्यावरच चालते.

गंमत अशी, की निरोप एकच असला तरी अर्थ प्राण्यागणिक वेगळा. हॅमस्टर हा उंदरासारखा छोटा प्राणी. दिवस लहान झाले की नराचे वृषण आक्रसतात. मात्र पिनियल ग्रंथी आधीच काढून टाकली, तर तसे होत नाही, असे हॉफमन आणि रायटर यांनी १९६५ मध्ये दाखवले. मेंढी नेमकी उलट वागते. रात्र मोठी होऊ लागली की ती माजावर येते. कारण साधे आहे. हॅमस्टरची गर्भावस्था जेमतेम १६ दिवसांची, मेंढीची सुमारे पाच महिन्यांची. पिल्ले सुकाळात जन्मावीत, म्हणून मेंढीला आधीच तयारी करावी लागते.

वयात येण्याचेही तसेच. वसंतात जन्मलेले मादी कोकरू पुरेसे वाढले असेल, तर त्याच वर्षीच्या शरद ऋतूत वयात येते. वाढ कमी पडली, तर पुढच्या हंगामापर्यंत थांबते. काही देशांत मेंढपाळ मेंढीच्या कानामागे त्वचेखाली मेलाटोनिनची बारीक कांडी बसवून हंगाम अलीकडे आणतात.

माणसाचे काय? बालपणी रात्रीचे मेलाटोनिन भरपूर असते आणि पौगंडावस्थेच्या सुमारास ते कमी होते. पण ते कमी झाल्यामुळेच मूल वयात येते, हे सिद्ध झालेले नाही. हॅमस्टरचा किंवा मेंढीचा नियम मुलांना लावता येत नाही. मात्र झोपेसाठी मिळणाऱ्या मेलाटोनिनच्या गोळ्या मुलांना दीर्घकाळ दिल्यास वयात येण्यावर काय परिणाम होतो, याचा पुरेसा अभ्यास झालेला नाही. तेव्हा मूल लवकर झोपत नाही म्हणून परस्पर गोळी देऊ नये. आधी डॉक्टरांना विचारावे, आणि रात्री घरातले दिवे वेळेवर मालवावेत.