तालुक्याची वाढ आणि घरची मिळकत

पुण्याहून साताऱ्याकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग सारोळ्याच्या पुलावरून नीरा नदी ओलांडतो आणि शिरवळ येथे खंडाळा तालुक्यात प्रवेश करतो. तेथून खंबाटकी घाटाच्या पायथ्यापर्यंत रस्त्याच्या दोहो अंगांस कारखाने व गुदामे दिसतात. पूर्वी हा मुलूख वाई तालुक्याचा एक पेटा होता. बाजरी, ज्वारी, कांदा आणि मुंबईस गेलेल्या मुलाची मनिऑर्डर यांवर येथील पुष्कळ घरे चालत. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना १९६२ साली झाली. कालांतराने त्याच्या वसाहती खंडाळा व केसुर्डी परिसरात उभ्या राहिल्या. २०१३ साली येथे सुरू झालेल्या एशियन पेंट्सच्या कारखान्याची आरंभीची क्षमताच वर्षास तीन लाख किलोलिटर रंगाची होती. तालुक्याची वाढ झाली, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही.

प्रश्न निराळा आहे. महामार्गापासून दूर, डोंगराच्या कुशीत किंवा लोणंदच्या बाजूस माळावर राहणाऱ्या कुटुंबाच्या पदरात या वाढीतले काय पडले? हा प्रश्न सरासरी काढून सुटत नाही. समजा, एका वस्तीत दहा घरे आहेत व प्रत्येकाचे वार्षिक उत्पन्न एक लाख रुपये आहे. दोन घरांची जमीन रस्त्यास लागून असल्याने त्यांनी गाळे बांधले आणि त्यांचे उत्पन्न प्रत्येकी सहा लाख झाले. वस्तीचे एकूण उत्पन्न दहा लाखांवरून वीस लाखांवर गेले, म्हणजे सरासरी दुप्पट झाली. पण आठ घरांत एक रुपयाही वाढला नाही. अहवालात ही वस्ती प्रगत ठरेल.

देशाचे चित्रही फारसे वेगळे नाही. १९५०-५१ साली राष्ट्रीय उत्पन्नाचा निम्म्याहून अधिक भाग शेतीतून येत असे. २०२३-२४ पर्यंत तो सुमारे १८ टक्क्यांवर उतरला. मात्र काम करणाऱ्यांपैकी सुमारे ४६ टक्के माणसे अद्याप शेतीवरच होती. उत्पन्नाचा पाचवा हिस्साही नाही आणि वाटेकरी जवळजवळ निम्मे, असा हा हिशेब आहे. उद्योग वाढले, परंतु शेतीवरील माणसे त्या प्रमाणात उद्योगात सामावली गेली नाहीत.

वाढीचा लाभ दूरच्या घरापर्यंत नेण्याची एक वाट महाराष्ट्राने फार पूर्वी काढली होती. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्याचे वि. स. पागे यांनी १९६५ साली विसापूर येथे मागेल त्यास काम देण्याचा प्रयोग करविला. १९७२ च्या दुष्काळात त्या कल्पनेने असंख्य कुटुंबे तगली आणि २६ जानेवारी १९७९ पासून रोजगार हमीचा कायदा अमलात आला. देशाचा तशा प्रकारचा कायदा २००५ साली झाला. या योजनेची खरी खुबी पैसा कोठून आणावा यात होती. १९७५ साली राज्याने नोकरदार व व्यावसायिकांवर व्यवसाय कर बसविला, तो या कामासाठीच. मुंबईच्या कचेरीतील पगारातून कापलेला रुपया माणदेशातील पाझर तलावावर खर्च झाला. शिरवळच्या कारखान्यातील कामगाराच्या पगारपत्रकावर आजही व्यवसाय कराची कपात दिसते. ती कशातून आली, हे बहुधा कामगारासही ठाऊक नसते.

खंडाळ्यासारख्या तालुक्यात प्रथम विचार करावयाचा तो जमिनीच्या पैशाचा. जमीन दर वर्षी थोडे देते. मोबदला एकदाच पुष्कळ देतो. हा फरक ज्या घराने ओळखला नाही, त्या घरात मोबदल्यातून गाडी आली, लग्न थाटात झाले आणि तिसऱ्या वर्षी तोच गृहस्थ आपल्याच जुन्या शेतात उभ्या राहिलेल्या गुदामावर पहारेकरी झाला, असे अनेक ठिकाणी पाहावयास मिळते. रक्कम हाती येण्यापूर्वीच तिचे भाग पाडावेत: कर्जफेड, मुदत ठेव आणि शक्य तेथे कालव्याच्या लाभक्षेत्रातील थोडी का होईना पण जमीन.

सातबाऱ्यावरील नावेही वेळीच पाहावीत. महाराष्ट्रात १९९४ साली आणि साऱ्या देशात २००५ साली कायद्याने मुलीस वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच हक्क दिला. तरीही संपादनाची वार्ता येताच बहिणींना बोलावून हक्कसोडपत्रावर सह्या घेण्याची घाई होते. आठ-दहा मैलांच्या परिसरातच नायगाव आहे, जेथे ३ जानेवारी १८३१ रोजी सावित्रीबाई फुले यांचा जन्म झाला. त्यांच्या पुतळ्यास हार घालून परतताना बहिणीची सही घेणे शोभत नाही.

जमीन कसणारा पण मालक नसलेला माणूस या व्यवहारात बहुधा कोणाच्या ध्यानातच येत नाही. शेत गेले की वाटेकऱ्याचे व मजुराचे कामही जाते. केंद्राच्या २०१३ च्या भूसंपादन कायद्याने संपादनापूर्वी तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणाऱ्या अशा कुटुंबासही बाधित मानले आहे. तथापि औद्योगिक वसाहतींसाठीचे संपादन राज्याच्या १९६१ च्या कायद्याखाली होते. यास्तव नोटीस कोणत्या कायद्याखाली आली आहे, हे ग्रामसेवकाने प्रथम वाचून दाखवावे. पुढचे सारे त्यावर ठरते.

नोकरीबद्दल गावात एक गैरसमज आहे. कारखान्यांत ८० टक्के स्थानिकांना घ्यावे, या शासकीय धोरणातील ‘स्थानिक’ म्हणजे त्या गावचा किंवा तालुक्याचा रहिवासी नव्हे. पंधरा वर्षे महाराष्ट्रात राहिलेला कोणीही. म्हणून केवळ गावकरी म्हणून दारात उभे राहण्यापेक्षा हाती कसब घेऊन जाणे हिताचे. तीस किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घेतलेच पाहिजेत, असे शिकाऊ उमेदवारीचे नियम सांगतात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून जोडारी वा वीजतंत्री झालेल्या मुलास हे दार खुले आहे. ठेकेदाराकडे लागलेल्यानेही आपला भविष्य निर्वाह निधी क्रमांक मागून घ्यावा. वेतनातून १२ टक्के कापले जातात, ते खरोखर भरले जातात की नाही हे त्यावरून कळते.

तथापि साऱ्यांनाच कारखान्यात जागा मिळणार नाही. अल्पभूधारक व भूमिहीन घरास दुधाचा जोडधंदाच अधिक जवळचा. त्यास रस्त्याकाठची जमीन लागत नाही आणि पैसा वर्षाअखेरीस न येता पंधरवड्यास येतो. शहर वाढले म्हणजे दुधाची मागणी वाढते. महामार्गाचा हाच लाभ दूरच्या वाडीसही घेता येतो. शिरवळ येथे १९८८ पासून क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, इतकी जवळ सोय फार थोड्या तालुक्यांस लाभली आहे. गाईच्या दुधाचा भाव सामान्यतः साडेतीन फॅट व साडेआठ एसएनएफ या पायावर ठरतो. उन्हाळ्यात हिरवा चारा तुटला की दोन्ही आकडे घसरतात आणि नफा तेथेच जातो. त्यावर मुरघास हाच उपाय होय. दोन गाईंना दररोज प्रत्येकी १५ किलो याप्रमाणे १२० दिवसांस ३,६०० किलो मुरघास लागेल. त्यास तीन मीटर लांब, दीड मीटर रुंद व दीड मीटर खोल खड्डा पुरतो. मका दाणे चिकात असताना कापून, बारीक कुट्टी करून, हवा राहणार नाही असा तुडवून भरावा, वरून प्लॅस्टिकचा कागद व माती घालून बंद करावा आणि सुमारे ४५ दिवसांनी उघडावा. तुडविण्यात कसूर केली तर बुरशी येते. सर्वांत अधिक श्रम येथेच खर्चावेत.

पहाटे धार काढते ती घरची बाई, वैरण आणते तीही; सभासदत्व व बँकेचे खाते मात्र पुरुषाच्या नावे. सहकारी दूध संस्थेने निदान नव्या सभासदांच्या बाबतीत ही चाल मोडावी. ज्या बाईच्या खात्यात पगार जमा होतो, तिच्या घरी पेंडीस पैसे उरतात, असा कार्यकर्त्यांचा अनुभव आहे.

लोणंदच्या कांद्याची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. ज्यास थांबता येते त्यास बहुधा भाव मिळतो. ज्याच्या मागे सावकार आहे तो काढणीच्या आठवड्यातच माल आणतो. काढणीपूर्वी पंधरा-वीस दिवस पाणी तोडावे, निम्म्या माना पडल्यावर काढावा, सुकवून, निवडून, खालून हवा खेळणाऱ्या चाळीत भरावा. थर दीड मीटरहून उंच करू नये. एकट्यास चाळ परवडत नसल्यास तिघा-चौघांनी मिळून बांधावी. ज्वारी, बाजरी, हरभरा यांस बाजार समितीची शेतमाल तारण योजना आहे. मालाच्या किमतीच्या ७५ टक्क्यांपर्यंत रक्कम सहा टक्के व्याजाने सहा महिन्यांसाठी मिळते.

पाण्याची वाटणी अधिक अवघड. वीर येथून निघणारा नीरा उजवा कालवा फलटण, माळशिरस व पंढरपूरकडे जातो. नीरा-देवघर धरणात पाणी साठू लागल्यावरही त्याच्या कालव्याची कामे कित्येक वर्षे मागे राहिली. कालवा येईल तेथे २००५ च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याप्रमाणे पाणीवापर संस्था स्थापावी लागते. संचालक मंडळात वरच्या, मधल्या व शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्यांस सारख्या जागा आहेत. शेवटच्या टोकाच्या जागा कागदोपत्री भरल्या जातात की प्रत्यक्ष, हे पहिल्याच निवडणुकीत पाहावे.

वरील सर्व कामांस आरंभ एका साध्या वहीने करता येईल. ग्रामसेवक व कृषी सहायक यांनी मिळून घरवार नोंद घ्यावी: जमीन किती व कोणाच्या नावे, पाणी आहे काय, दुभती जनावरे किती, घरातील कोण कोठे कामास जाते व तेथे कायम आहे की ठेक्यावर, माल कोणत्या महिन्यात विकला आणि कर्ज कोणाचे. एकाही रकान्यात आधार नसलेली घरे बाजूस काढून गाय, चाळ, शिकाऊ उमेदवारी वा रोजगार हमीचे काम यांची योजना प्रथम त्यांच्यासाठी करावी. ही नोंद २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत मांडावी. मात्र मांडताना घरांची संख्या सांगावी, नावे वाचू नयेत. कर्जाचा रकाना चारचौघांत उघडा पडलेला कोणासही आवडत नाही, आणि एकदा तसे घडले म्हणजे पुढील वर्षी खरी माहिती कोणी देत नाही.